एकाच सहीचा करार

नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयाच्या बाहेर सकाळी अकराच्या सुमारास उभं राहिलं की अर्ध्या तासात माणसांच्या विश्वासाचा बाजारभाव कळतो. टायपिंगवाले, झेरॉक्सवाले, स्टॅम्प व्हेंडरपुढची रांग, काळा कोट खुर्चीला अडकवून बसलेला नोटरी, आणि हातात कागदांची सुरळी घेऊन 'पार्टी अजून आली नाही' म्हणत ताटकळणारी माणसं. पूर्वी शंभराचा स्टॅम्प चालायचा, आता पाचशेचा लागतो. कागद कसलाही असो, साठेखत, भाडेकरार, हातउसन्याची पावती, सुरुवात ठरलेली: अमुक अमुक, लिहून घेणार, तमुक तमुक, लिहून देणार. खाली दोघांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या. ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडून कोणी असं लिहून घेत नाही. लिहून घ्यायची वेळ येते तेव्हाच समजायचं की कुठेतरी पाल चुकचुकली आहे.

आम्ही मराठी ख्रिस्ती आमच्या धर्मग्रंथाच्या दोन भागांना याच बाजारातलं नाव देतो. जुना करार, नवा करार. लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द, त्यामुळे त्याकडे कधी थांबून पाहिलं जात नाही. पण शब्द आपलं काम करतच असतो. करार म्हटलं की दोन पक्ष आले, अटी आल्या, मुदत आली, भंग झाला तर नुकसानभरपाई आली. आमच्या मंडळीतल्या बऱ्याच जणांचा देवाशी असलेला व्यवहार मला असाच दिसतो. भाडेकरारासारखा अकरा महिन्यांचा नसेल, पण नूतनीकरण मात्र दरवर्षी होतं, ३१ डिसेंबरच्या रात्री.

त्या रात्रीची उपासना ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाहेर नाशिकची थंडी, आत स्वेटर-मफलर घातलेली माणसं, बाराच्या ठोक्याला प्रार्थना, मग गळाभेटी. आणि मग दाराशी एक टोपली फिरते. तिच्यात छोटी रंगीत कार्डं, प्रत्येकावर बायबलमधलं एक वचन. डोळे मिटून एक उचलायचं. ते तुमचं वर्षाचं वचन. 'तुला काय निघालं?' 'मला आशीर्वादाचं निघालं.' 'मला धीर धरण्याचं आलंय गं, यंदा काही खरं नाही.' मावश्या तिथेच मोबाईलवर फोटो काढून स्टेटसला टाकतात. न्यायाचं, शिक्षेचं, पश्चात्तापाचं वचन त्या टोपलीत कधी नसतं. असतं तर कोण उचलणार?

सगळ्यात लाडकं वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव सांगतो ते. माझ्याच घरात ते तीनदा निघालंय. पण हे वाक्य एका पत्रातलं आहे, आणि पत्र बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदी म्हणून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं आहे. आदल्याच वचनात त्यांना सांगितलंय की परत यायला सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यांतले बहुतेक तिथेच मरणार होते. 'तुमच्याविषयी' यातला 'तुम्ही' म्हणजे एक लोकसमूह, पिढ्यान्‌पिढ्यांचा. बंगल्याचं कर्ज मंजूर होण्यासाठी वाट पाहणारा एकटा माणूस त्यात बसतो की नाही, हे जरा तपासून घ्यायला हवं. त्याच पत्रात चार वचनं वर आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याही कार्डावर छापलेली मी पाहिली नाही: ज्या नगरात तुम्हांला बंदी करून नेलं आहे त्याच नगराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. बाबेल म्हणजे ज्यांनी तुमचं मंदिर लुटलं त्यांचं शहर.

कार्डाला माझा फारसा आक्षेप नाही. आजारी माणूस उशाशी एखादं वचन ठेवतो, त्यात काय वाईट? आक्षेप त्यापुढच्या भाषेला आहे. 'देवाच्या अभिवचनांवर दावा करा', 'दशांश द्या आणि आकाशाच्या खिडक्या उघडतात की नाही बघा', 'देवाने शब्द दिलाय, आता त्याला पाळावाच लागेल'. हे मी मांडवात, सभागृहात, यूट्यूबवर अस्सल मराठीत ऐकलंय. दावा हा शब्दही कोर्टातलाच. देवाच्या विश्वासूपणाचा अर्थ आम्ही वसुलीची हमी असा लावला आहे, आणि माझ्या मते बायबलातल्या कराराचा इतका मोठा गैरसमज दुसरा नसेल.

उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात हा करार होतो कसा ते बघा. अब्राम, म्हणजे पुढचा अब्राहाम, म्हातारा आहे, मूलबाळ नाही. देव म्हणतो, आकाशातले तारे मोजून बघ, तुझी संतती इतकी होईल; हा देश तुझ्या वंशाला देईन. अब्राम विचारतो, मला कळावं कशावरून? थोडक्यात, लिहून द्या. देव त्याला जनावरं आणायला सांगतो: तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला, एक पारव्याचं पिल्लू. अब्राम जनावरं मधोमध चिरून त्यांचे भाग समोरासमोर मांडतो. हिब्रूत करार 'करत' नाहीत, 'कापतात'. त्यामागे हीच रीत. दोन्ही पक्षांनी त्या कापलेल्या भागांमधून चालत जायचं. अर्थ उघड आहे: मी शब्द मोडला तर माझंही असंच होवो. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात ही रीत स्पष्ट येते. बाबेलचा वेढा पडला तेव्हा सिद्कीया राजाने आणि यरुशलेमच्या मोठ्या लोकांनी वासराच्या भागांमधून जाऊन करार केला की आपल्या हिब्रू गुलामांना मोकळं करू. केलंही. वेढा सैल झाला आणि त्यांनी त्यांना परत धरून आणलं. देव म्हणतो, आता तुमची गत त्या वासरासारखी करीन.

अब्रामाकडे परत येऊ. दिवसभर तो त्या मांसाशी बसून आहे. गिधाडं उतरतात, तो हाकलतो. हे एक वाक्य मला फार आवडतं. राखणीला बसलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला ते कळेल. देव काही येत नाही. संध्याकाळ होते आणि अब्रामाला गाढ झोप लागते. अंधार पडल्यावर एक धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या भागांमधून जाते. बस. अब्राम चालत नाही. त्याला कोणी उठवत नाही. जिल्हा न्यायालयाच्या भाषेत सांगायचं तर लिहून देणाऱ्याची सही झाली आणि लिहून घेणारा घोरत होता. करारभंगाचा सगळा शाप देवाने एकट्याने स्वतःवर ओढून घेतला. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की तो शाप पुढे क्रुसावर खरोखरच वसूल झाला, आणि शब्द मोडणारे आपण असूनही वसूल झाला त्याच्याकडून. ही श्रद्धा कोणी मानो न मानो, तिचा आकार तरी नीट पाहावा.

अशा गोष्टीला 'करार' म्हणणं तोकडंच आहे. ही अडचण जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनाही आली होती. ग्रीकमध्ये दोन बरोबरीच्या पक्षांच्या करारनाम्यासाठी 'सिंथेके' हा सरळ शब्द होता. तो बाजूला ठेवून त्यांनी 'डायथेके' घेतला, ज्याचा व्यवहारातला अर्थ मृत्युपत्र. मृत्युपत्रात देणाऱ्या एकट्याचीच सही असते, घेणाऱ्याची नाही. इब्रीकरांस पत्राचा लेखक तर त्या अर्थाशी खेळतोसुद्धा: मृत्युपत्र लागू व्हायचं तर करणारा मेला पाहिजे.

मराठीत यासाठी एक अस्सल शब्द आहे, पण तो आमच्या मंडळीत वापरत नाहीत. ब्रीद. पतितपावन हे देवाचं ब्रीद. भक्ताने ते त्याच्याकडून लिहून घेतलेलं नाही, देवानेच ते मिरवलं आहे. म्हणून संत त्याला ब्रीदाची आठवण देऊन अडवू शकतात. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते ती त्याच्या ब्रीदाच्या जोरावर. आणि नाशिककराला तर शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. पंचवटी आहेच मुळी एका बापाने दिलेल्या वचनामुळे. दशरथाने शब्द दिला कैकेयीला, तो पाळला रामाने, आणि त्याचा पत्ता गोदाकाठी आला. तपोवनाच्या रस्त्याने जाताना मला कधी कधी वाटतं, दुसऱ्याने दिलेला शब्द स्वतःचं राज्य घालवून पाळणारा नायक ज्या गावाच्या मातीत मुरलाय, त्या गावात हा उत्पत्तीचा अध्याय समजावून सांगायला परदेशी व्याख्यानं कशाला लागतात?

इथे एक प्रामाणिक आडकाठी येते. देवाने शब्द पाळला असं दिसत नाही तेव्हा काय? कोविडच्या दुसऱ्या लाटेत आम्ही सगळ्यांनी कार्डं काढलेलीच होती. एकोणनव्वदावं स्तोत्र या प्रश्नापासून पळत नाही. अर्ध्याहून अधिक स्तोत्र देवाच्या वात्सल्याचं आणि दावीद राजाशी केलेल्या कराराचं गुणगान करतं, आणि मग एकदम उलटतं: तू आपल्या सेवकाशी केलेला करार झिडकारलास, त्याचा मुकुट धुळीत मिळवलास. ही नास्तिकाची टीका नव्हे. मंदिरात गायलेलं गीत आहे, पवित्र ग्रंथात ठेवलेलं. आणि त्याला स्तोत्रात उत्तर मिळत नाही. दावा करणाऱ्याच्या आणि असं भांडणाऱ्याच्या आवाजात फरक आहे. पहिला पावती दाखवतो. दुसऱ्याकडे पावती नाही, नातं आहे. आमच्या उपासनेत पहिल्याला माइक मिळतो. दुसऱ्याला 'विश्वास कमी पडतोय' म्हणून बाजूला घेतात. माझं मत विचाराल तर जनाबाईला आमच्या साक्षीच्या सभेत दहा मिनिटं द्यायला हवीत.

आता मुद्द्यावर येतो. देव विश्वासू आहे असं दर रविवारी म्हणणाऱ्या समाजाच्या स्वतःच्या शब्दाची पत गावात काय आहे? हा प्रश्न खाजगी नाही. गाव देवाला पाहत नाही, आपल्याला पाहतं.

यहोशवाच्या नवव्या अध्यायातली गिबोनी लोकांची गोष्ट शब्बाथशाळेत गंमत म्हणून सांगतात. इस्राएल आपल्यावर चालून येणार हे कळल्यावर गिबोनी लोक फाटके जोडे, ठिगळं लावलेले बुधले आणि बुरसटलेल्या भाकरी घेऊन आले. म्हणाले, आम्ही फार दुरून आलोय, आमच्याशी करार करा. इस्राएलचा पुढारी यहोशवा याने देवाला न विचारता करार केला. तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारचेच. शुद्ध फसवणूक. आजच्या कोणत्याही वकिलाने तो करार पहिल्या तारखेला रद्द करून दिला असता. पण वडीलधारे म्हणाले, आम्ही परमेश्वराची शपथ वाहिली आहे, आता त्यांना हात लावता येणार नाही. त्यांना लाकूडतोडे आणि पाणके केलं, हेही लपवायचं कारण नाही. पण जीव राखला. पुढे शौल राजाने धर्माच्या आवेशात त्याच गिबोन्यांची कत्तल केली. पिढी उलटली, दावीदाच्या राज्यात तीन वर्षं दुष्काळ पडला, आणि कारण निघालं ते हे. भरपाई म्हणून शौलाच्या कुळातले सात जण टांगले गेले. त्यांतल्या दोघांची आई रिस्पा खडकावर गोणपाट अंथरून बसली आणि सातूच्या कापणीपासून पाऊस पडेपर्यंत त्या प्रेतांवरची पाखरं हाकलत राहिली.

करार कापला तेव्हा अब्राम पाखरं हाकलत होता. करार मोडल्यावर रिस्पा हाकलत होती. मला वाटतं, शब्द मोडल्याची किंमत बहुधा अशीच भलत्याच माणसाला भरावी लागते. मोडणारा तोवर निघून गेलेला असतो.

हे आमच्या संस्थांना लावून बघा. नाव घेण्याचं कारण नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. मिशनच्या काळात गरिबांच्या नावाने मिळालेल्या जमिनी विकताना ट्रस्टींमध्ये कसली घाई असते? आयुष्यभर कंत्राटावर राबलेल्या सेविकेला 'तुझी सोय करू' म्हणून सांगितलेलं असतं, त्या सोयीचं काय होतं? माझ्या ओळखीच्या एका बाईंना निवृत्तीनंतर राहती खोली सोडायला सांगितली गेली. तोंडी शब्द देणारे साहेब बदलून गेले होते आणि नवे साहेब म्हणाले, लेखी काही आहे का? त्याच साहेबांनी पुढच्या रविवारी 'आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो' या वचनावर उपदेश केला. वचन तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं आणि खरंच आहे. पण ते सूट म्हणून वाचायचं नसतं.

आमच्याकडे दुसरं उदाहरणही आहे, आणि ते शरणपूर रोडला वाहतुकीत अडकलेल्या कोणालाही आठवायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला वस्ती वसवली. अरबी गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईहून इथे पाठवली जायची; शाळा, सुतारकाम, लोहारकाम शिकायची. जगाने त्यांना 'नाशिक बॉइज' म्हटलं. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिका धुंडाळणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या तांड्यात होता. १८७३च्या मे महिन्यात, आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. तांड्याने त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. देह उन्हात सुकवून, सालीत गुंडाळून त्यांनी खांद्यावर घेतला आणि किनाऱ्याकडे निघाले, दीड हजार किलोमीटरच्या वर. वाटेत भेटलेल्या कॅमेरॉन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सांगितलं, इथेच पुरून टाका, शहाणपणाचं तेच. त्यांनी ऐकलं नाही. १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा वेनराइट तिथे होता. तांड्याचे म्होरके सुसी आणि चुमा यांना मात्र वेळेवर नेण्याची कोणाला आठवण झाली नाही. मेलेल्या मालकाकडून त्यांना काय मिळणार होतं? आणि त्यांच्यातल्या ज्यांना लहानपणी पकडून विकलं होतं त्यांना शब्द पाळणं शिकवायला जगाने कोणती मोठी उदाहरणं घालून दिली होती?

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवणही इथेच काढतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा हिंदू बायको सोबत राहायला तयार नसेल तर विवाह मोडून घेण्याची वाट १८६६च्या कायद्याने धर्मांतरितांना करून दिली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. काही वर्षांनी संसार पुन्हा उभा राहिला. त्या काळात कोणी काय सोसलं हे 'स्मृतिचित्रे'त बाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय, त्यामुळे मी मध्ये बोलत नाही.

जाता जाता एक वादाचा विषय. तिकडे इस्राएलात युद्ध पेटलं की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निळा-पांढरा झेंडा फडकतो आणि खाली ओळ येते, देवाने अब्राहामाला दिलेला देश. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात म्हणतो की देवाची कृपादानं आणि पाचारण मागे घेतली जात नाहीत. यहुद्यांना देवाने टाकून दिलं असं मानणाऱ्यांना तो चांगलाच झापतो, आणि ते योग्यच. पण लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देव म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्या इथे उपरे. सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचं नाव आहे, इस्राएल कूळ. आणि त्याच पुस्तकात कुळाने जमीन विटाळली तर ती त्याला ओकून टाकील असंही आहे. देवाचा शब्द कोणत्याही सरकारच्या तोफखान्याला तारण म्हणून देता येत नाही.

माझ्या वडिलांची दिंडोरी तालुक्यात थोडी द्राक्षबाग आहे. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने जागेवर सौदा केला. पहिल्या दोन दिवसांचे पैसे रोख दिले, मग 'परवा करतो', मग चेक, मग चेक परत, मग फोन बंद. जिल्ह्यात दर हंगामात कोणाचं ना कोणाचं असं होतं, त्या वर्षी आमचं झालं. विरळणीला पेठकडची टोळी होती, उक्तं काम दिलेलं, निम्मे पैसे बाकी. मुकादम स्वतःच म्हणाला, "दादा, तुमचंच बुडालंय, पुढच्या हंगामाला द्या." वडील म्हणाले, "तुझं बोलणं माझ्याशी झालं होतं, त्याच्याशी नाही." आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. मुकादमाने अंगठा जिभेला लावून नोटा दोनदा मोजल्या आणि जीप भरून टोळी गेली.

परतलेला चेक आणि त्या वर्षीचं वचनाचं कार्ड एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये आहेत. कार्ड तेच, हिताच्या संकल्पांचं. आमचे एक पास्टर घरी आले तेव्हा म्हणाले, बघा, तुम्ही मजुरांचं दिलंत, आता देव दुप्पट करून देईल. वडील काही बोलले नाहीत, चहा पुढे केला.

ऑक्टोबर छाटणीला ती टोळी आली नाही. शेजारच्या गावात दर जास्त मिळत होता, तिकडे गेली. मला राग आला. फोन लावतो म्हणालो. वडील कात्रीला धार लावत बसले होते.

"लावू नको," ते म्हणाले. "त्यांनी कुठे लिहून दिलं होतं?"